पाठीवर पडायला शिकलेला पैलवान

मला तालीम हवी होती. बाकी काही नको होतं. घर आहे, थोडं रान आहे, बायको अंगणवाडीत आहे, मुलगी कराडला शिकते. म्हणजे उपाशी मरायची पाळी नव्हती. पण एकेचाळीसाव्या वर्षी, दोन्ही गुडघे आणि कंबर कामातून गेल्यावर माणसाला कुठंतरी बसायला जागा लागते, आणि मला ती पारावर पत्ते कुटणाऱ्यांत नको होती. मला ती आमच्या तालमीत, हौद्याच्या कडेला, वस्तादांच्या जागी हवी होती. हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी म्हणायला नको की गडी गावाच्या भल्यासाठी परत आला.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. तालीम ग्रामपंचायतीच्या मागं आहे. पत्र्याचं छप्पर, आत लाल मातीचा चौकोनी हौदा, एका बाजूला मारुतीची मूर्ती. त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल असं काय काय मुरलेलं असतं. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. मी अकरा वर्षांचा असताना बापानं मला तिथं नेऊन सोडलं. वस्ताद तेव्हा चाळिशीच्या पुढं होते. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि कान अजून तिखट.

वस्तादांनी आम्हाला डाव फार उशिरा शिकवले. आधी पडायला शिकवलं. म्हणजे पाठीवर न पडायला. मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे एकदम मातीला टेकले की खेळ खलास, चितपट. तेवढी एक पाठ सांभाळली की बाकी काहीही मोडलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. कोपर जाऊ दे, हात जाऊ दे, हवेत असतानाच वळायचं आणि पालथं पडायचं. हे अंगात मुरावं म्हणून ते कधीही मागून येऊन ढकलायचे. आंघोळ करताना, ताटावरून उठताना, देवाला हात जोडताना. जो पाठीवर पडला त्याला शंभर बैठका. झोपायचं तेसुद्धा कुशीवर किंवा पालथं. कुणी उताणा झोपलेला दिसला की काठीनं ढोसून उठवायचे. दोन वर्षांत अंगाला अशी सवय लागली की पाय घसरला तरी मी आपोआप पोटावर यायचो. एकदा आईच्या हातातला दुधाचा टोप घेऊन ओट्यावरून पडलो तेव्हाही पालथाच पडलो, आणि नाक फोडून घेतलं. आई रडली. वस्तादांनी मात्र पाठीवर थाप मारली.

दुसरी शिकवण नुरा कुस्तीची. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, विकलेली कुस्ती. दोघं मैदानात झुंजल्यासारखं करतात, कोण पडणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि लोकांना ते ठाऊक नसतं. वस्तादांच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं. चोरी केलेल्या माणसाला ते एकवेळ चहा पाजतील, पण नुरा केलेल्या पैलवानाचं नाव निघालं तरी थुंकायचे.

मी बरा पैलवान होतो. लय मोठा नाही, पण बरा. औंधच्या मैदानात दोन वर्षं लागोपाठ कुस्ती मारली, पलूसला, तासगावला, नदीपलीकडं कराडच्या आसपासच्या सगळ्या यात्रांत माझं नाव पुकारलं जायचं. आमची जात मोठ्या अंगाची. पंचविसाव्या वर्षी माझं वजन एकशे दहा होतं आणि तरी मी वळायचो. मग तिसाव्या वर्षी विट्याजवळच्या एका मैदानात उजवा गुडघा फिरला. आवाज मला ऐकू आला, समोरच्या गड्यालाही आला, त्यानं हात सोडला. दोन वर्षं घरी बसलो. खुराक तसाच चालू, अंग वाढतंय, काम काही नाही. एकशे चाळीस झालो. बायको म्हणाली, तुमच्यापेक्षा म्हैस बरी, निदान दोन वेळा दूध तरी देती. चुकीचं काही बोलली नाही.

अशात एक मनुष्य मोटार घेऊन गावात आला. टीव्हीवर दाखवतात तशा रिंगणातल्या कुस्त्यांचे खेळ तो गावोगाव करायचा. चार बाजूंनी दोरखंड, रंगीत दिवे, भोंग्यावर गाणी, मुखवटे घातलेले पैलवान. त्याला अंगानं धिप्पाड माणसं हवी होती. गुडघा कसा आहे हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. आम्ही सगळे त्याला मालक म्हणायचो. जायच्या आधी मी वस्तादांच्या पाया पडायला गेलो. त्यांच्या कानावर सगळं आलेलंच होतं.

"त्यात नुरा असती म्हणं," ते म्हणाले.

मी म्हणालो, वस्ताद, ते नाटक आहे. तिकीट काढून बघणाऱ्यालाही ठाऊक असतं की नाटक आहे. नुरा म्हणजे फसवणूक, इथं कुणी फसत नाही. त्यांनी मान डोलावली. एवढंच म्हणाले की तिकडचं नाटक इकडच्या मातीत आणू नकोस. मी शब्द दिला. त्या वेळी शब्द द्यायला माझं काय जात होतं!

शिकवणी दिल्लीच्या बाजूला एका गोदामात होती. मास्तर पंजाबी, माझ्याहून वयानं लहान. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं की इथं सगळ्यात आधी पाठीवर पडायला शिकायचं. फळ्यांवर पातळ गादी, तिच्यावर ताणलेलं कापड. त्यावर सरळ उताणं पडायचं, हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं आपटत नाही, आणि पडता पडता दोन्ही हात पसरून तळवे जमिनीवर बडवायचे. त्यानं मार सगळ्या अंगभर वाटला जातो आणि आवाज मोठा होतो. मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटतं की मेला बिचारा.

मला जमेना. मास्तर मला उचलून टाकायचा आणि मी हवेत वळायचो. तो म्हणायचा, पाठ दे पैलवान, पाठ दे. मी मनात म्हणायचो देतो, आणि अंग पालथं व्हायचं. माझ्या हातात नव्हतंच ते. तिसऱ्या आठवड्यात असाच वळलो आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं. बाकीची पोरं महिन्याभरात शिकली, त्यातला एक तर आधी हॉटेलात वाढपी होता. मी आठ महिने घेतले. मास्तर चिडायचा, शिव्या घालायचा, मग हात जोडायचा. शेवटी एके दिवशी मला त्यानं टाकलं आणि मी सपाट पडलो. खांदे, पाठ, तळवे, सगळं एकदम. गोदामभर आवाज झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मोरीत गेलो, दार लावलं आणि रडलो. वीस वर्षं कुणाला न दिलेली पाठ मी एका गोदामात देऊन बसलो होतो, आणि लोक शाबासकी देत होते.

माझ्या अंगाकडं बघून मालकानं मला सुमो केलं. जपानचा सुमो. केस वाढवून डोक्यावर बुचडा, कमरेला जाड कापडाचा रुंद पट्टा, बाकी उघडा. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की जपानचा महाबली येतोय. रिंगणात यायचं, मूठभर मीठ फेकायचं, एकेक पाय वर उचलून आपटायचा, समोरच्या देशी पैलवानाला आधी चेचायचं आणि शेवटी त्याच्याकडून मार खाऊन पाठीवर पडायचं. बोलायची सक्त मनाई. तोंड उघडलं की सांगली बाहेर पडायची. सोलापूरच्या एका खेळात मी विसरलो आणि मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. सुमो शड्डू ठोकत नाहीत. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि त्यानं विचारलं, कुठल्या तालमीचा रं तू? मालकानं नंतर माझी बिनपाण्यानं केली. म्हाताऱ्याला उत्तर देता आलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

खऱ्या सुमोंच्या कुस्त्या मी मोबाईलवर बघायचो. पहिल्यांदा धंद्याचं म्हणून, मग सवयच लागली. तीही माती. तेही उतरायच्या आधी जमिनीला मान देतात. थोरला येतो तेव्हा धाकटे उभे राहतात, त्याची पाठ चोळतात, त्याच्या आधी जेवत नाहीत. तळपायाशिवाय दुसरं काहीही जमिनीला लागलं की हरलास. मला वाटायचं, अरे ही तर आपलीच माणसं, नुसती दूर राहायला गेलेली.

मग पाचव्या वर्षी मालकानं खरोखरचा सुमो आणला. जपानी. पस्तिशीचा, माझ्याएवढाच, पंधराव्या वर्षापासून तिकडच्या तालमीत वाढलेला. गुडघा गेला म्हणून सुटला होता आणि आता देशोदेशी असल्या खेळांत कामं करत होता. बारा खेळांचा करार होता. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी बुचडा बांधून, पट्टा गुंडाळून उभा, आणि हा दारातून आत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या बापाचे कपडे चोरून घातलेत आणि नेमका तोच घरात आलाय, अशी माझी गत. तो वरपासून खालपर्यंत बघत राहिला. मग माझ्या मागं आला, माझा पट्टा सोडला आणि पाय लावून, घट्ट ओढून, नीट बांधून दिला. हसला नाही.

एकमेकांची भाषा येत नव्हती. मोबाईलमध्ये बोललं की तो मोबाईल त्याच्या भाषेत बोलून दाखवायचा. त्यावर आमचं चालायचं. गुडघ्यांचं झालं, खाण्याचं झालं, बायकोमुलांचं झालं. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, तुम्हाला पडायला शिकायला किती दिवस लागले? मी म्हणालो, आठ महिने. त्यानं स्वतःकडं बोट केलं आणि दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. त्या नऊ वर्षांत माझं दुखणं कळलेला तो एकच माणूस भेटला. बारा खेळ संपले आणि तो गेला. पुढं त्याचं काय झालं मला ठाऊक नाही.

चार वर्षं आणखी काढली. बस, लॉजं, मैदानं, पुन्हा बस. दर खेळाला दहा-बारा वेळा पाठीवर पडायचं. कमरेतल्या दोन चकत्या सरकल्या. सकाळी उठून बूट घालायला अर्धा तास लागायला लागला. कंटाळा आला हो. मार खाण्याचा नाही, मार खाल्ल्यासारखं करण्याचा. एक दिवस मीठ फेकलं आणि पाय उचलायचं मनच होईना. मालकाला सांगून घरी आलो. वीस किलो उतरवलं, केस कापले. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली की तुम्ही आता उताणे झोपता आणि पत्रा उडेल असं घोरता. मी हसण्यावारी नेलं.

त्याच साली वस्तादांनी थांबायचं ठरवलं. आमच्या तालमीचा रिवाज असा की नव्या वस्तादानं गावच्या यात्रेच्या मैदानात तालमीच्या नावानं एक कुस्ती धरायची. मारलीच पाहिजे असं नाही. वस्ताद होणारा माणूस तरणा नसतोच. पण दहा मिनिटं मातीत टिकायचं आणि पाठ लागू द्यायची नाही. दहा मिनिटं झाली की पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि जुने वस्ताद नव्याच्या डोक्याला फेटा बांधतात. पाठ लागली तर मात्र तालीम दुसऱ्याला. माझं नाव निघालं तेव्हा गावात काहीजण कुरकुरले की हा सर्कशीतला गडी. वस्तादांनीच त्यांना गप्प केलं. म्हणाले, माझ्या हातचा आहे, त्याची पाठ मी बांधलीय.

तीन महिने तयारी केली. पहाटे उठून जोर, गुडघा साथ देईल तेवढ्या बैठका, मग मातीत लढत. पोरं चांगली होती. अंगाला भिडत होती, मान ओढत होती, पट काढायला, म्हणजे पाय खेचायला, बघत होती. सगळं जमत होतं. जुने डाव हाताला आपसूक यायला लागले. मला खरंच वाटायला लागलं की नऊ वर्षं गेलीच नाहीत.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, वस्तादांच्याही नाही. तीन महिन्यांत मला कुणी एकदाही उचलून आपटलं नाही. तालमीत थोरल्याला आपटत नाहीत. तो होऊ घातलेला वस्ताद, वयानं मोठा, त्याला धरायचं, रेटायचं, जोर द्यायचा, पण हवेतून फेकायचा नाही, हा त्याचा मान. मीही माझ्या वेळी हेच पाळलं होतं. पोरांनी मान राखला आणि मी तो गोड मानून घेतला. एखाद्यानं शिरस्ता मोडून मला एकदा फेकलं असतं, तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं.

यात्रेच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. हलगी कडाडत होती. समोर नदीपलीकडच्या साताऱ्याकडच्या गावचा गडी, फौजेतला, सुट्टीवर आलेला. सत्तावीसचा असेल, अंगानं माझ्या निम्मा, पण लोखंड. त्यानं आधी वाकून माझ्या पायांना हात लावला. मग आम्ही मातीला नमस्कार केला आणि भिडलो.

चार मिनिटं मी मजेत होतो. मजेत म्हणजे दमलो होतो, धाप लागली होती, पण खरं काहीतरी चाललं होतं. त्यानं मान ओढली, मी मान दिली नाही. त्यानं पट काढला, मी पाय मागं टाकला. कुणी आधी काही ठरवलेलं नाही, पुढच्या क्षणी काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही, हा आनंद मी नऊ वर्षं विसरलो होतो. कडेला खुर्चीवर वस्ताद बसले होते. मध्येच नजर गेली तर ते हसत होते. माझा जीव सुपाएवढा झाला.

पाचव्या मिनिटाला त्यानं ढाक लावली. म्हणजे माझा हात बगलेत अडकवला, पायाचा अडसर घातला आणि कमरेवरून मला हवेत घेतलं. डाव साधा होता. वळलं की संपलं. पालथं पडायचं, पुन्हा उठायचं, आणखी पाच मिनिटं काढायची. वळायला वेळ होता, मला तो वेळ चांगला आठवतो. मी वर होतो, मला आभाळ दिसलं, आणि अंगातला सगळा ताण सुटला. हनुवटी छातीला चिकटली. हात पसरले. दोन्ही तळवे, दोन्ही खांदे आणि अख्खी पाठ एका दमात मातीवर आली. मोठा आवाज झाला. लाज सोडून सांगतो, माझा चेहरासुद्धा वेडावाकडा झाला होता, मागच्या रांगेला दिसावा म्हणून. नऊ वर्षांत इतका सुंदर मी कधी पडलो नव्हतो.

हलगी थांबली. तो जवान माझ्या छातीवरून उठेचना. माझ्याकडं बघत हळूच म्हणाला, "दादा, मला वाटलं तुमी वळणार."

मग कुठूनतरी हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एकजण ओरडला, "नुरा!" तो शब्द मैदानभर फिरला. लोकांचं तरी काय चुकलं? मातीतला पैलवान पडताना असे हात बडवत नाही. असं फक्त टीव्हीतले करतात. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये माझे सुमोचे खेळ होतेच. संध्याकाळपर्यंत गावानं ठरवून टाकलं की मी कुस्ती विकली, तालमीच्या नावानं धरलेली कुस्ती. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण दुकानात गेलो तर बोलणं थांबायचं. बायकोनं एवढंच विचारलं की खरं काय ते मला सांगा, मी कुणाला सांगणार नाही. मी म्हणालो, खरी कुस्ती होती. ती बरं म्हणाली. तिनं विश्वास ठेवला की नाही, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी तालमीत बोलावलं. एकट्याला. पंच आणि चार माणसं बाहेर थांबली. पोरांना सुट्टी दिलेली होती. वस्ताद हौद्याच्या कडेला बसले होते. मला समोर मातीत बसायला लावलं.

"इकलीस?"

"न्हाई वस्ताद." मी माती उचलून कपाळाला लावली. "आईच्यान न्हाई. खरी लढलो."

"मग हात का बडवलंस?"

मी सांगितलं. गोदाम, मास्तर, आठ महिने, मोडलेलं हाड, दर खेळाला दहा-बारा वेळा, नऊ वर्षं. तीन महिन्यांत कुणी मला फेकलं नाही तेही सांगितलं. वळायचं नव्हतं असं नाही, वळायचं सुचलंच नाही. मी बोलत होतो आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं होतं, नुरा नव्हती हे पटलं की त्यांना हायसं वाटेल. त्यांना पटलं होतं. माझ्या प्रत्येक शब्दावर त्यांचा विश्वास बसला होता. ते माझ्या खांद्यांकडं बघत होते.

मग म्हणाले.

"इकली असतीस तर बरं झालं असतं रं."

मला काही कळेना.

"इकणाऱ्याला मी शिक्षा दिली असती," ते म्हणाले. "चार म्हयनं उंबऱ्याभाईर बशिवला असता, समद्यांची माती त्याच्याकडनं चाळून घेतली असती, मग आत घेतला असता. आजवर दोघांना असं आत घेतलंय. तुला काय शिक्षा देऊ? तुजी चूकच न्हाई. माज्या हातचा पैलवानच न्हाई उरला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला शिव्या दिल्या असत्या, काठीनं बडवलं असतं, तर सोसलं असतं. हे सोसवेना. उठायला गुडघ्यानं वेळ घेतला. ते हात द्यायला पुढं झाले नाहीत आणि मीही मागितला नाही.

बाहेर माणसं उभीच होती. एका पंचानं विचारलं, काय झालं, वस्तादांपुढं काय सांगितलं.

"इकली व्हती म्या," मी म्हणालो. "त्या जवानाला काय ठावं न्हवतं. त्याचं नाव घिऊ नगा. माझा मी पडलो."

एकजण बाजूला जाऊन थुंकला. दुसऱ्यानं मान खाली घातली. पंच म्हणाला, वाटलंच होतं.

दार उघडं होतं आणि वस्तादांना सगळं ऐकू गेलं. मी त्यांच्या आवाजाची वाट बघत थांबलो. ते उठले, कोपऱ्यातली मातीची चाळण घेतली, दारापर्यंत आले आणि ती उंबऱ्याबाहेर माझ्यापुढं ठेवून आत गेले.